पेन्सिलीची नोंद

आमच्या आत्याने मृत्युपत्र करायचे ठरवले, तेव्हा तिला ८८वे वर्ष लागले होते. रत्नागिरी शहरातून भाट्याच्या पुलावरून खाडी ओलांडली की दक्षिणेकडे जी गावे लागतात, त्यांतल्या एकात तिचे घर आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे खळे, मागे विहीर आणि डोंगराच्या उतारावर हापूसची २७ कलमे. घर मोठे, माणूस एकच. आत्याला मूलबाळ नाही. आम्ही पाच भाचरे. त्यांपैकी रत्नागिरीत राहिलेला मी एकटा; बाकीची मुंबई, पुणे, डोंबिवली अशी पांगलेली. आंब्याच्या दिवसांत सर्वांना आत्याची आठवण येते, हे तिला पुरते ठाऊक आहे आणि ती ते बोलूनही दाखवते.

“वकिलाकडे जायचं ते नंतर,” ती म्हणाली. “आधी मला काय म्हणायचंय ते मला एकदा लिहिलेलं दिसू दे. तू जन्मभर कचेरीत टाइपच केलंस ना? मग बस.”

मी बसलो. निवृत्तीनंतर मी टाइपरायटर सोडून लॅपटॉपवर आलो आहे, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. ‘होता’ असे म्हणतो, त्याला कारण आहे.

गेल्या वर्षीच्या आषाढातली संध्याकाळ. पाऊस असा की खळ्यातले तुळशीवृंदावन दिसेना. आत्या झोपाळ्यावर बसून सांगत होती आणि मी लिहीत होतो. घर कोणाला, कलमे कोणाला, तांब्याची भांडी कोणाला, विहिरीवर पाण्याचा हक्क कोणाकोणाचा. दीड तास झाला. मग गाडी डोंबिवलीच्या भाच्यावर आली. तो सहा वर्षांत इकडे फिरकला नव्हता. आत्याचा आवाज चढला.

“त्याला काही नको. लिही! एक कलम नको. बिटकीसुद्धा नको!”

मी लिहिले. इतक्यात बाहेर वीज चमकली आणि घरातली वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच कामातून गेलेली. सारा कारभार भिंतीतल्या विजेवर. पडदा काळा झाला. मी मेणबत्ती लावली, कपाळाला हात लावला, आणि चोरासारखा म्हणालो, “आत्या, चूक झाली. मधे एकदाही सेव्ह केलं नाही. सगळं गेलं.”

“सगळं?”

“सगळं.”

आत्या जरा वेळ गप्प बसली. झोपाळ्याची कडी तेवढी करकरत होती. मग म्हणाली, “बरं झालं. रागाच्या भरात बोलत होते मी. देवानेच पुसलं.”

आत्याने ज्याला देवाची कृपा म्हटले, त्यालाच संगणकाच्या क्षेत्रातली मंडळी अक्षम्य अपराध म्हणतात. माणसाने दीड तास खपून लिहावे आणि यंत्राने ते एका क्षणात गिळावे, हे कोणत्या न्यायाने? त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मुळात हे ‘सेव्ह’चे बटण आलेच कुठून? टाइपरायटरवर तर ते नव्हते. अक्षर आपटले की ते कागदावर उमटले, आणि वीज काय, छप्पर गेले तरी कागदावरून ते पुसले जात नसे.

संगणकाला दोन तऱ्हेच्या आठवणी असतात. एक चपळ पण विसराळू, दुसरी मंद पण चिवट. आपण टाइप करतो ते आधी पहिलीत जाते. तिथे प्रत्येक खूण म्हणजे विजेचा एक सूक्ष्म साठा असतो, आणि तो सारखा गळत असतो. म्हणून यंत्र दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक खूण वाचून पुन्हा भरून ठेवते. तळाला भोक पडलेला रांजण, आणि हात न थांबवता पाणी ओतणारा गडी, असा तो प्रकार. आयबीएम कंपनीतल्या रॉबर्ट डेनार्ड यांना या युक्तीचे पेटंट १९६८ साली मिळाले आणि साऱ्या जगातले संगणक तिच्यावर चालू लागले. वीज गेली की गडी थांबतो, आणि रांजण रिकामा. दुसरी आठवण म्हणजे डिस्क. तिला विजेची पर्वा नसते. ‘सेव्ह’ करणे म्हणजे पहिलीतले दुसरीत उतरवून घेणे, इतकेच.

मग यंत्र ते आपण होऊन का उतरवत नसे? कारण त्या काळी उतरवून घेणे महाग होते. १९८०च्या दशकातल्या फ्लॉपीवर पत्र लिहायला काही सेकंद लागत, आतून घरघर असा आवाज येई, आणि तेवढा वेळ माणसाने हात जोडून बसायचे. प्रत्येक अक्षरामागे हे कोण करणार? तेव्हा यंत्र बनवणाऱ्यांनी ती जबाबदारी माणसावर टाकली. यंत्राचे दुबळेपण माणसाचे कर्तव्य होऊन बसले. ॲलन कूपर नावाच्या जाणकाराने १९९५ साली एका पुस्तकात हेच परखडपणे मांडले, की फाइल, डिस्क, सेव्ह ही सारी यंत्राच्या पोटातली भानगड आहे, ती वापरणाऱ्याच्या गळ्यात का बांधता? पुढे डिस्क वेगवान झाल्या, फ्लॉपी मेली, सोनी कंपनीने २०११ साली ती विकणेही थांबवले. पण सेव्हच्या बटणावर फ्लॉपीचे चित्र अजून आहे. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटायला नको. खोती १९४९च्या कायद्याने गेली. खोत हे आडनाव राहिले.

मधल्या काळात एक तडजोड निघाली. लेखनाचा प्रोग्रॅम दर १० मिनिटांनी गुपचूप एक नक्कल काढून ठेवी, आणि अपघात झाला तर ती पुढे करी. मग २००५ साली ‘राइटली’ नावाचा एक प्रोग्रॅम आला. लिहिलेले सारे इंटरनेटवरून दूरच्या संगणकात आपोआप जाऊन बसे. २००६ साली गूगलने तो विकत घेतला आणि त्यातून ‘गूगल डॉक्स’ झाले. ॲपलने २०११ साली, मायक्रोसॉफ्टने २०१७ साली हाच रस्ता धरला.

आता सगळे सुखी व्हायला हवे होते. झाले नाहीत. आणि त्याचे कारण मला, म्हणजे कारकुनी केलेल्या माणसाला, जितके चटकन समजले तितके त्या हुशार मंडळींना समजले नव्हते असे मला वाटते. साऱ्या जगातला कारकून नवे पत्र कधीच नव्याने लिहीत नाही. तो मागच्या वर्षीचे पत्र काढतो, तारीख बदलतो, नाव बदलतो, दोन ओळी खोडतो, आणि मग ‘वेगळ्या नावाने ठेव’ असे यंत्राला सांगतो. यंत्र आपोआप जपू लागल्यावर झाले काय, की तारीख बदलताक्षणी मागच्या वर्षीचे पत्रच बदलले! नवे तयार, जुने खलास. ॲपलने तर ‘वेगळ्या नावाने ठेव’ ही आज्ञाच काढून टाकली होती. लोकांनी इतकी ओरड केली की पुढच्याच वर्षी, २०१२ साली, ती परत आणावी लागली. मात्र जरा आडोशाला, सासूच्या नजरेआड ठेवलेल्या लाडवांच्या डब्यासारखी.

हे सारे मी वाचलेले. अनुभव यायचा होता.

गणपतीला माझा मुलगा पुण्याहून आला. त्याने माझी फजिती ऐकली आणि दहा मिनिटांत व्यवस्था लावून दिली. “बाबा, आता तुम्ही फक्त लिहा. सेव्हबिव्ह काही नाही. अक्षर उमटलं की जपलं गेलं.” आमच्या कुटुंबाची इंटरनेटवर एक सामाईक पेटी आहे. घरपट्टीच्या पावत्या, सातबाराचे उतारे, आत्याच्या औषधांच्या चिठ्ठ्या असे सारे त्यात असते, आणि पाचही भाचरांना ती उघडता येते. मुलाने मृत्युपत्राचा मसुदा त्याच पेटीत ठेवला. त्याच्या मनात काही नव्हते. कागद कागदांबरोबर ठेवला, एवढेच. माझ्याही डोक्यात काही आले नाही.

आठ संध्याकाळी आत्या सांगत होती. खाडीकाठच्या माणसाचे मन, त्याला भरती आणि ओहोटी. एके दिवशी मोठी समई थोरल्या भाचीला, दुसऱ्या दिवशी ती देवळाला. मंगळवारी डोंबिवलीचे नाव पुन्हा निघाले. रात्रभर आत्या झोपली नसावी. बुधवारी सकाळी तिने मला फोन करून बोलावून घेतले आणि म्हणाली, “त्याचं नाव घाल. तीन कलमं घाल. विहिरीजवळची.” मी घातली.

नवव्या दिवशी डोंबिवलीहून फोन. मी तिथेच होतो.

“आत्या, मंगळवारी माझं नाव काढलं होतंस ना?”

आत्याचा चेहरा पांढरा पडला. “तुला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? इथे दिसतंय. संध्याकाळी साडेसातला काढलं, दुसऱ्या दिवशी दहाला घातलं. रंगासकट दिसतंय.”

“मी मनात म्हटलेलं तुला ऐकू कसं गेलं रे?” आत्या म्हणाली.

त्याने फोन ठेवला. त्या दिवाळीला तो आला नाही. दर दिवाळीला येई असे नाही; पण या खेपेला तो ‘आला नाही’ हे आत्याच्या मनाला लागले.

माझा मुलगा बिचारा ओशाळला. पण त्याचे म्हणणेही ऐकण्यासारखे होते. “आजी, पण यात हरवलं तर काहीच नाही ना? उलट तू आठ दिवसांत काय काय म्हणालीस ते सगळं आहे.” आत्या म्हणाली, “तेच तर दुखणं आहे.”

इथे एक खुलासा करतो. कायद्याच्या दृष्टीने या मसुद्याला कवडीची किंमत नव्हती. १९२५च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याने सही करावी लागते आणि निदान दोन साक्षीदारांनी आपल्या सह्या घालाव्या लागतात. त्याआधीचे सारे म्हणजे हवेतले बोलणे. सही केल्यानंतरसुद्धा, मन ताळ्यावर आहे तोवर, माणसाला मृत्युपत्र केव्हाही बदलता येते. माणूस मत बदलणार हे कायद्याने इतके गृहीत धरले आहे. पण भाच्याचे काळीज काही वारसा कायद्याप्रमाणे चालत नाही.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी गावातले एक निवृत्त तलाठी आत्याकडे आले. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आमच्या गावात अजून तलाठीच.) पडवीत चहा झाला. आत्याने आपले गाऱ्हाणे त्यांच्यापुढे ठेवले. तलाठीभाऊंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “काकू, आमच्या दप्तरात दोन रंग असत. एक शिसपेन्सिलीचा, दुसरा शाईचा. या यंत्राला एकच दिसतोय.”

मी कान टवकारले. जन्मभर कचेरीत काढूनही हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते, याची मला आता लाज वाटते.

जमिनीची खरेदी झाली, कोणी वारले, वाटप झाले, की ती खबर तलाठ्याकडे जाते. तलाठी लगेच सातबारा बदलत नाही. तो आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, ती खबर लिहितो आणि तिला क्रमांक देतो. ज्यांचा ज्यांचा संबंध, त्यांना नोटिसा जातात. हरकत घ्यायला १५ दिवसांची मुदत. तोवर सातबाऱ्यावर त्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक फक्त पेन्सिलीने टिपलेला. मंडळ अधिकारी येतो, कागद बघतो, हरकत असेल तर ऐकतो, आणि मग सही करून नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर पेन्सिलीवर शाई चढते. नोंद नामंजूर झाली तर पेन्सिल पुसली जाते, आणि शाईचा सातबारा जसाच्या तसा.

आणि शाईने बदल झाला तरी जुने नाव खोडत नाहीत. त्याला कंस करतात. कोकणात जन्मलेल्याला हे सांगायला नको. आमच्याकडचा सातबारा म्हणजे लग्नातला समूह-फोटो. आजोबांचे चुलते कंसात, त्यांच्या विधवा भावजयी कंसात, मुंबईला गेलेले आणि परत न आलेले कंसात, आणि प्रत्येकाशेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. तो क्रमांक धरून मागे गेलात तर कोणी, कधी, कशाच्या आधारावर नाव बदलले ते सापडते. नाव जात नाही, कंसात जाते. ‘फेरफार’ हा शब्द तरी पाहा. संगणकवाले ज्याला ‘चेंजेस’ म्हणतात, त्याला आमच्या महसूल खात्यात ठरलेली नोंदवही आहे आणि रीत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६चा असला, तरी रीत त्याहून जुनी.

आता हा कारभारही संगणकावर गेला आहे. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. पण तिथेसुद्धा तलाठ्याने बोट लावले आणि सातबारा बदलला असे होत नाही. नोंद आधी फेरफारात, मग नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मान्यता, मग सातबारा. या पायऱ्यांना लागणारा वेळ हा आपल्या साऱ्यांच्या वैतागाचा विषय आहे, आणि वैताग रास्त आहे. तरी क्षणभर कल्पना करा, की तलाठ्याच्या दप्तरातला प्रत्येक टाइपलेला शब्द त्याच क्षणी तुमच्या सातबाऱ्यावर शाईने उमटतो आहे. माझ्या तर अंगावर काटा येतो.

रत्नागिरीकराला लोकमान्यांची आठवण काढल्याशिवाय चैन पडत नाही, माझेही तसेच. १८५६ साली टिळक या गावात जन्मले, आणि १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला गेले. (दैवाचा खेळ असा, की मंडालेचा राजा थिबा त्या वेळी रत्नागिरीत कैदेत होता, आणि १९१६ साली इथेच वारला.) गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ते कसे लिहिले गेले ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. शाई मिळत नसे; पेन्सिल. सुटे कागद मिळत नसत. बांधलेल्या वह्या, आणि त्यांची पाने मोजलेली. नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ एवढ्या काळात तो प्रचंड ग्रंथ लिहून झाला. १९१४ साली टिळक सुटले, तेव्हा वह्या काही काळ सरकारच्याच ताब्यात राहिल्या. सरकार त्या परत देत नाही की काय, अशी काळजी मित्रांना लागली. तेव्हा लोकमान्यांनी, मजकूर माझ्या डोक्यात आहे, सिंहगडावर जाऊन बसेन आणि पुन्हा लिहून काढीन, असे उत्तर दिल्याची आठवण सांगतात. वह्या परत आल्या, आणि १९१५ साली ग्रंथ छापून निघाला.

ही गोष्ट मी पूर्वी शंभरदा ऐकली होती, आणि दर वेळी त्या स्मरणशक्तीचे नवल करून गप्प बसलो होतो. या खेपेला मात्र मन त्या मोजलेल्या पानांपाशी अडले. पान फाडता येणार नाही, कारण ते मोजलेले आहे. लिहिलेले प्रत्येक पान दुसऱ्याच्या ताब्यात जाणार, आणि तो ते वाचणार. मजकूर सुरक्षित होता, पण कोणासाठी? पाने मोजलेली वही कैद्याच्या हाती देतात. आत्याच्या हाती आम्ही तीच दिली होती.

मात्र याचा अर्थ मोजलेली पाने सर्वत्र वाईट असा घेऊ नका. परवा लक्ष्मीपूजनाला दुकानादुकानांतून वह्या पूजल्या जातील. त्या कीर्द-खतावण्यांतले एखादे पान फाडलेले दिसले तर तुम्ही त्या दुकानदाराकडे ठेव ठेवाल का? तिथे पान मोजलेलेच पाहिजे. आपल्या सरकारने १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना नियमच घातला आहे, की हिशेबाचे सॉफ्टवेअर असे हवे ज्यात प्रत्येक फेरफार तारखेसह नोंदला जाईल, आणि ती नोंद बंद करण्याची सोय कोणाच्याही हाती नसेल. योग्यच आहे, तो दुसऱ्यांचा पैसा. आत्याचा मंगळवारचा राग हा मात्र कोणाच्याही हिशेबातला नव्हता. तो तिचा एकटीचा होता, आणि बुधवारी सकाळी तिने तो आपल्या हाताने मिटवला होता.

तेव्हा संगणकाने आपोआप जपावे की नाही, यावर माझे मत विचाराल तर मी पहिल्या प्रश्नाला बिनशर्त ‘हो’ म्हणेन. आत्याला देवाने पुसल्याचे समाधान वाटले, मला नाही. एखाद्या विद्यार्थ्याचा वर्षभराचा प्रबंध असता तर? ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आले, तेव्हा आपल्या जिल्ह्यात दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस विजेचा पत्ता नव्हता. असल्या मुलखातल्या माणसाला ‘दर पाच मिनिटांनी बटण दाबत जा’ असे शिकवणे म्हणजे गळक्या छपराखाली बसवून छत्री धरायला सांगणे. आणि जपायचे ते एकाच घरात नव्हे. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा घरांतले आणि दुकानांतले कागद आणि संगणक एकाच पाण्यात बुडाले. ज्यांची नक्कल दुसऱ्या गावी होती त्यांचे वाचले.

घोटाळा जपण्यात नाही. घोटाळा तीन वेगळ्या क्रिया एकाच बोटाने करण्यात आहे. लिहिलेले टिकवणे ही एक. दुसऱ्याला दाखवणे ही दुसरी. आणि ‘हेच माझे म्हणणे’ असे ठरवणे ही तिसरी. आमच्या कचेरीत खर्डा वेगळा असे. रुंद समास सोडून लिहिलेला, साहेबांनी तांबड्या शाईने रंगवलेला. स्वच्छ प्रत वेगळी, सही वेगळी, आणि जावक क्रमांक पडेपर्यंत ते पत्र कचेरीबाहेर जात नसे. त्याच्याही आधी, मराठ्यांच्या दप्तरांत, पत्राच्या शेवटी मोर्तब उमटे. मजकूर इथे संपला, याखाली कोणी काही घालू नये, अशी ती मर्यादा. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण अजून वापरतो. त्यातले मोर्तब म्हणजे काय ते विसरलो. जुन्या सेव्हच्या बटणात या तिन्ही क्रिया ओबडधोबडपणे एकत्र होत्या. विसराळू माणसाचा त्यात घात होत असे, पण बटण दाबेपर्यंत लिहिलेले निदान त्याचे स्वतःचे असे. बटण काढून टाकताना टिकवण्याची क्रिया यंत्राने उचलली हे उत्तम झाले. उरलेल्या दोन मात्र त्याच ओघात वाहून गेल्या.

माझ्या मुलाने मग जे करायला हवे होते ते केले. मसुद्याची नवी नक्कल काढली. नक्कल काढली की तिच्यात जुना इतिहास येत नाही, फक्त आत्ताचा मजकूर येतो, हे मला तेव्हा कळले. ती आत्याच्या एकटीच्या पेटीत ठेवली आणि सामाईक पेटीतली मूळ प्रत काढून टाकली. “आता लिहिलेलं आपोआप जपलं जाईल, आजी, पण तुझ्याशिवाय आणि बाबांशिवाय कोणाला दिसणार नाही.” आत्याने मान डोलावली, पण तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर ती झोपाळ्यावर बसून, मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, शिसपेन्सिलीने लिहीत होती. शेजारी खोडरबर.

मार्गशीर्षात मृत्युपत्र झाले. वकील आले, आत्याने मजकूर दोनदा वाचायला लावला, शाईच्या पेनाने सही केली. तलाठीभाऊ आणि गावातले डॉक्टर साक्षीला होते. लिफाफा बंद झाला. त्यात काय आहे ते मला माहीत आहे, आणि मी सांगणार नाही.

वैशाखात डोंबिवलीचा भाचा आला. एकटाच आला, बायकोमुलांना न घेता. म्हणजे बोलायला आला होता. दोन दिवस तो कलमांत हिंडला, विहिरीचा गाळ काढायला गडी लावले, कौलांची दुरुस्ती करून घेतली. फोनबद्दल कोणी शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर पडवीत बसला असताना त्याला राहवेना.

“आत्या, शेवटी काय लिहिलंस गं?”

“पेन्सिलीचं वाचलंस ना तू? तेवढं पुरे,” आत्या म्हणाली. “शाईचं मी गेल्यावर वाच.”

आणि तिने त्याच्यापुढे आंब्यांची टोपली सरकवली. आंबे रायवळ होते.